ज्येष्ठांच्या मानसिक आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नेतृत्व: पदभार घेण्याआधीपासून तो सोपवेपर्यंत

आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनेचे नियोजित अध्यक्ष म्हणून निवड झाली की अभिनंदनाचे निरोप आठवडाभर येत राहतात आणि मग सचिवालयाकडून कागदपत्रांचा गठ्ठा येतो: संघटनेची घटना, मागच्या सभांची इतिवृत्ते, लेखापरीक्षकांचे अहवाल, नियतकालिकाच्या प्रकाशकाशी झालेला करार आणि पुढच्या परिषदेसाठी हॉटेलशी झालेला करार. बहुतेक नवे अध्यक्ष हा गठ्ठा बाजूला ठेवून भाषणाची तयारी करतात. माझा आग्रह असा आहे की भाषण नंतर लिहावे आणि हा गठ्ठा आधी वाचावा. महाराष्ट्रात शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि समाजकार्यकर्ते आज देशात आणि परदेशात वृद्धांच्या मानसिक आरोग्यसेवेत काम करत आहेत. त्यांतील काहींवर अशा संघटनेच्या समितीची किंवा मंडळाची जबाबदारी येते, परंतु ती कशी पार पाडावी याविषयी मराठीत लिहिलेले फारसे हाती लागत नाही. म्हणून अशा समित्यांवर काम करताना जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहे.

उदाहरण म्हणून इंटरनॅशनल सायकोजेरिअॅट्रिक असोसिएशन, म्हणजे आयपीए, डोळ्यांसमोर ठेवावी. वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे एका अभ्यासवर्गासाठी एकत्र आले आणि त्यांच्या ओळखीतून या संघटनेची कल्पना पुढे आली. तिची पहिली परिषद १९८२ मध्ये इजिप्तमधील कैरो येथे भरली. वृद्धांच्या मानसिक आरोग्यावरील जागतिक संघटनेचा पहिला मेळावा लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये न भरता कैरोमध्ये भरला, ही गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. मानसोपचारतज्ज्ञांबरोबर मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समाजकार्यकर्ते, मेंदूविकारतज्ज्ञ आणि संशोधक यांनाही तिचे दार उघडे आहे. १९८९ पासून तिचे ‘इंटरनॅशनल सायकोजेरिअॅट्रिक्स’ हे नियतकालिक निघते. अनेक देश, अनेक पेशे, मोजका कर्मचारीवर्ग आणि विनामोबदला काम करणारे पदाधिकारी हा अशा संघटनेचा साचा असतो, आणि तिचे नेतृत्व करण्याची रीत या साच्यातूनच ठरते. रुग्णालयातील विभागप्रमुख आदेश देऊ शकतो. येथे आदेश ऐकण्यास कोणीही बांधील नसते. प्रत्येकजण आपली नोकरी, आपले रुग्ण आणि आपले घर सांभाळून उरलेल्या वेळात हे काम करत असतो.

पदभार घेण्यापूर्वीचे वर्ष

बहुतेक संघटनांमध्ये नियोजित अध्यक्ष, अध्यक्ष आणि मावळते अध्यक्ष अशी तीन पदांची साखळी असते आणि अध्यक्षपदाची मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते. दोन वर्षे हा फार थोडा काळ आहे. पहिले सहा महिने माणसे आणि कागद समजून घेण्यात गेले आणि शेवटचे सहा महिने परिषदेच्या धावपळीत गेले, तर प्रत्यक्ष कामाला एकच वर्ष उरते. म्हणून समजून घेण्याचे काम नियोजित अध्यक्ष असतानाच उरकावे.

सर्वप्रथम घटना वाचावी, आणि हातात पेन्सिल घेऊन वाचावी. गणसंख्या किती लागते, ई-मेलवरील मतदान ग्राह्य आहे का, अध्यक्षाला मंडळाच्या संमतीशिवाय किती रकमेपर्यंत खर्च मंजूर करता येतो, निवेदन प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाला आहे आणि एखाद्या पदाधिकाऱ्याला पदावरून दूर करण्याची पद्धत कोणती आहे, या पाच प्रश्नांची उत्तरे वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावीत. वाद उद्भवल्यानंतर ही कलमे शोधायला बसलो तर प्रत्येक जण त्यांचा अर्थ आपल्या सोयीने लावतो. त्यानंतर मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब कोषाध्यक्षांबरोबर बसून ओळीओळीने समजून घ्यावेत. हिशेब समजत नसल्यास तसे स्पष्टपणे सांगावे. डॉक्टर मंडळींना हे सांगणे जड जाते, पण न समजलेल्या ताळेबंदावर केलेली स्वाक्षरी पुढे त्याहून जड जाते.

तिसरे काम प्रत्यक्ष भेटीगाठींचे. मंडळातील प्रत्येक सदस्याशी स्वतंत्रपणे, घाई न करता अर्धा तास बोलावे आणि प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारावेत: संघटनेने तुमच्यासाठी काय केले, कोणती गोष्ट करायची राहिली, आणि या दोन वर्षांत तुम्ही स्वतः कोणते एक काम अंगावर घ्याल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे. सचिवालयातील कर्मचाऱ्यांशीही असेच बोलावे. अनेक संघटना आपला कारभार व्यवस्थापन कंपनीकडे सोपवतात, त्यामुळे ‘आपले’ कर्मचारी एकाच वेळी आणखी दोन-तीन संघटनांचे काम पाहत असण्याची शक्यता असते. त्यांच्या वेळेचा किती हिस्सा आपल्या वाट्याला येतो हे ठाऊक नसले की अपेक्षा फुगतात आणि कडवटपणा येतो.

या सगळ्यातून दोन, फार तर तीन कामे निवडावीत. मी हे ठामपणे सांगतो, कारण बारा उद्दिष्टांचा संकल्प घेऊन सुरुवात झालेल्या समितीत मी होतो आणि मुदत संपली तेव्हा त्यांतले एकही उद्दिष्ट पूर्ण झालेले नव्हते. काम निवडताना एक कसोटी लावावी: जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा तालुक्याला एकट्याने सेवा देणाऱ्या सदस्याच्या सोमवारच्या बाह्यरुग्ण विभागात या कामाने काही फरक पडेल का?

बैठकीची वेळ कोणासाठी

हा विषय किरकोळ वाटतो, पण संघटनेत कोणाला किंमत आहे हे सर्वांत आधी येथेच दिसते. समजा, जुलै महिन्यात बैठक न्यूयॉर्कच्या सकाळी ९ वाजता ठेवली. तेव्हा साओ पावलोमध्ये सकाळचे १०, लंडनमध्ये दुपारचे २, पुण्यात संध्याकाळचे ६:३०, टोकियोत रात्रीचे १०, मेलबर्नमध्ये रात्रीचे ११ आणि ऑकलंडमध्ये मध्यरात्रीनंतरचा १ वाजलेला असतो. पुण्याच्या सदस्यासाठी ही वेळ वरवर सोयीची दिसते, पण संध्याकाळी ६:३० ही खासगी दवाखान्याची ऐन गर्दीची वेळ असते. म्हणजे तो बैठकीत असतो आणि त्याच वेळी बाहेरच्या बाकावर त्याचे रुग्ण ताटकळत असतात. हिवाळ्यात अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, भारतातील जात नाहीत, त्यामुळे तीच बैठक आपल्याकडे ७:३० ला येते. दक्षिण गोलार्धातील मेलबर्नमध्ये घड्याळ उलट एक तास पुढे गेलेले असते आणि तेथील सदस्याला ती मध्यरात्रीनंतर १ वाजता गाठावी लागते.

उपाय साधा आहे. वर्षभराच्या बैठकांचे वेळापत्रक आरंभीच जाहीर करावे आणि त्यात तीन वेगवेगळ्या वेळा आळीपाळीने ठेवाव्यात, म्हणजे गैरसोयीची वेळ प्रत्येक खंडाच्या वाट्याला येईल, अगदी अध्यक्षांच्याही. विषयपत्रिका व टिपणे सात दिवस आधी पाठवावीत. ज्यांना येणे शक्य नाही त्यांचे लेखी मत बैठकीत वाचून दाखवावे आणि इतिवृत्तात नोंदवावे. महत्त्वाच्या ठरावावर बैठकीनंतर ७२ तास ई-मेलने मत देण्याची मुभा ठेवावी, मात्र घटनेत तशी तरतूद आहे याची आधी खात्री करून घ्यावी.

भाषेचा मुद्दा याहून नाजूक आहे. एका समितीत परिषदेच्या शुल्कवाढीवर चर्चा झाली, तिघे-चौघे भरपूर बोलले, अध्यक्षांनी कोणाचा आक्षेप नाही ना असे विचारले, सगळे गप्प राहिले आणि ठराव संमत झाल्याची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी आशियातील तीन सदस्यांनी मला वेगवेगळे निरोप पाठवून कळवले की त्यांना ही वाढ मान्य नव्हती, परंतु इतक्या वेगाने चाललेल्या इंग्रजी संभाषणात मध्ये बोलणे त्यांना जमले नाही. मौन म्हणजे संमती हे गृहीतक आंतरराष्ट्रीय मंडळात लागू पडत नाही. तेव्हापासून मी ज्या बैठकीचे अध्यक्षस्थान घेतो तिथे प्रत्येक महत्त्वाच्या विषयावर नावे घेऊन, सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरुवात करून, एकेकाला दोन मिनिटे बोलायला सांगतो. बैठक वीस मिनिटांनी लांबते, पण ठराव नंतर उलटवावे लागत नाहीत.

पैसा

अशा संघटनेच्या उत्पन्नाचे चार झरे असतात: सदस्यांची वर्गणी, परिषद, नियतकालिक आणि प्रायोजक. यांतील प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे.

वर्गणी सर्वांना एकच ठेवली तर श्रीमंत देशांचीच संघटना तयार होते. जागतिक बँक देशांची उत्पन्नानुसार चार गटांत वर्गवारी करते आणि दरवर्षी १ जुलैला ती अद्ययावत करते. तिच्या आधारे वर्गणीचे टप्पे ठरवावेत. भारत निम्न-मध्यम उत्पन्न गटात मोडतो. परिचारिका, विद्यार्थी आणि निवृत्त सदस्य यांच्यासाठी वेगळा दर असावा. त्याचबरोबर पैसे भरण्याची वाट सुकर आहे का तेही पाहावे. एका संघटनेचे नूतनीकरण करताना माझे कार्ड दोनदा नाकारले गेले आणि तिसऱ्या दिवशी कारण कळले. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमानुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहारांची सोय आपोआप सुरू नसते, ती ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावी लागते. संघटनेच्या नोंदीत मात्र मी तोवर ‘वर्गणी न भरलेला सदस्य’ झालो होतो. अशा अडचणींची देशवार टीप सचिवालयाकडे तयार असली तर बरेच सदस्य गळतीतून वाचतात.

परिषदेतून सर्वाधिक पैसा येतो आणि सर्वाधिक धोकाही तिच्यातच असतो. हॉटेलच्या करारात ठरावीक खोल्या भरण्याची हमी दिलेली असते आणि त्या भरल्या नाहीत तर संघटनेला भुर्दंड पडतो. करार रद्द करण्याचे कलम आणि अनपेक्षित आपत्तीचे कलम वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय सही करू नये. २०२० मध्ये जगभरच्या परिषदा महासाथीमुळे रद्द झाल्या तेव्हा या दोन कलमांचे मोल सर्वांना कळले. संघटनेच्या निदान सहा महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी असावा आणि त्याला हात लावण्यासाठी मंडळाचा ठराव आवश्यक असावा, असे माझे मत आहे. स्थळ ठरवताना व्हिसाचा विचार आधी करावा. निमंत्रणपत्र परिषदेच्या सहा आठवडे आधी हाती पडले तर भारत, नायजेरिया किंवा बांगलादेशातील वक्त्याला बहुधा येता येत नाही. निबंध स्वीकारल्याचे पत्र आणि व्हिसासाठीचे पत्र एकाच दिवशी जावे आणि दोहोंना निदान चार महिन्यांचा अवधी मिळावा.

नियतकालिकाच्या करारात मुदत, मानधन आणि संपादकीय स्वातंत्र्य हे तीन भाग बारकाईने पाहावेत. ‘इंटरनॅशनल सायकोजेरिअॅट्रिक्स’ अनेक वर्षे केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसकडे होते आणि २०२४ पासून ते एल्सेविअरकडे गेले. असे स्थलांतर ज्या अध्यक्षांच्या मुदतीत येते त्यांना त्याची तयारी किमान दीड वर्ष आधी सुरू करावी लागते. लेख सर्वांना विनामूल्य वाचता यावा यासाठी लेखकाकडून शुल्क घेण्याची पद्धत आता रूढ होत आहे. अनुदान नसलेल्या देशांतील लेखकांना त्यातून सूट मिळेल असे कलम करारातच घालून घ्यावे. संपादकाच्या निर्णयात अध्यक्षाने कधीही हात घालू नये, स्वतःचा लेख परत आला तरीही.

मतैक्य घडवताना

अशा संघटनेने जगाला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे सामाईक शब्द. १९९६ मध्ये आयपीएने भरवलेल्या मतैक्य परिषदेतून ‘बीपीएसडी’ (बिहेविअरल अँड सायकॉलॉजिकल सिम्प्टम्स ऑफ डिमेन्शिया) ही संज्ञा पुढे आली. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींमध्ये वारंवार दिसणारे संवेदनांचे, विचारांचे, मनःस्थितीचे आणि वर्तनाचे बिघाड त्या एका नावाखाली एकत्र आणले गेले. त्यापूर्वी भास, संशय, येरझाऱ्या, आरडाओरडा अशा तक्रारींकडे संशोधनात विस्कळीतपणे पाहिले जाई. पुढे संघटनेच्या कार्यगटाने सदस्य व संलग्न संस्थांमध्ये पाहणी करून ‘अॅजिटेशन’ची तात्पुरती व्याख्या २०१५ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०२३ मध्ये ती अंतिम केली. आकलनशक्तीचा ऱ्हास, भावनिक त्रास दर्शवणारे वर्तन, अतिरेकी हालचाल किंवा शाब्दिक वा शारीरिक आक्रमकता, त्यामुळे वाढलेली असमर्थता आणि इतर आजार हे त्याचे एकमेव कारण नसणे, असे तिचे घटक आहेत.

या उदाहरणातून कार्यपद्धती शिकता येते. प्रथम प्रश्न अरुंद करावा. ‘वृद्धांचे नैराश्य’ यावर मतैक्य होत नसते, ‘प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांच्या नैराश्याची चाचपणी कोणत्या प्रश्नांनी करावी’ यावर होऊ शकते. मग कार्यगट नेमावा आणि त्यात प्रत्येक खंड, निदान चार पेशे आणि किमान एक शुश्रूषा करणारे कुटुंबीय असावेत. मसुदा आधी निनावी पाहणीसाठी फिरवावा, म्हणजे ज्येष्ठ प्राध्यापकाचे नाव पाहून मत बदलत नाही. असहमतीची टक्केवारी झाकू नये, निवेदनाबरोबर ती छापावी. प्रथम ‘तात्पुरती’ म्हणून प्रसिद्ध करून अनुभवानंतर अंतिम करण्याची आयपीएची रीत अनुकरणीय आहे.

येथे पैशाचा प्रश्न पुन्हा येतो आणि तो टाळून चालत नाही. लक्षणांची व्याख्या ठरली की औषधांच्या चाचण्या त्या व्याख्येवर उभ्या राहतात. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये नव्या पिढीतील अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवरच्या, औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला. त्याच नियामकाने २०२३ मध्ये अल्झायमरमधील अॅजिटेशनसाठी ब्रेक्सपिप्राझोल या औषधाला मान्यता दिली आणि त्या लक्षणासाठी मान्यता मिळालेले ते तिथले पहिले औषध ठरले. एवढे मोठे आर्थिक आणि मानवी हितसंबंध गुंतलेले असताना व्याख्या ठरवणाऱ्या गटाचा खर्च कोण करतो हे प्रत्येक वाचकाला पहिल्या पानावर दिसले पाहिजे. प्रत्येक बैठकीच्या आरंभी हितसंबंधांची तोंडी घोषणा व्हावी, ज्यांचा थेट संबंध आहे त्यांनी मतदानातून बाहेर राहावे, आणि एकाच कंपनीकडून येणाऱ्या निधीला अंदाजपत्रकात कमाल मर्यादा असावी. ही मर्यादा किती असावी यावर मतभेद असू शकतात, पण मर्यादाच नसणे मला मान्य नाही.

अनुवादाकडे बहुतेक संघटना शेवटी वळतात, मला मात्र ते पहिल्या मसुद्याबरोबरच करावेसे वाटते. मराठीत ‘अॅजिटेशन’ला काय म्हणायचे यावर आम्ही चौघे एकदा दोन तास बसलो होतो. ‘चिडचिड’ म्हटले तर सौम्य वाटते आणि त्यात रुग्णालाच दोष दिल्यासारखे होते. ‘आक्रमकता’ म्हटले तर दिवे लागणीच्या वेळी ‘मला घरी जायचंय’ म्हणत स्वतःच्याच घराच्या दाराशी येरझाऱ्या घालणारे आजोबा त्यात बसत नाहीत. ‘अस्वस्थता’ फार ढिसाळ. शेवटी आमच्यातील एका परिचारिकेने ‘घालमेल’ हा शब्द सुचवला, कारण घरची माणसे तोच शब्द वापरतात. तो शब्दही पूर्ण पुरेसा नाही, हालचालीचा भाग त्यातून नीट येत नाही. पण या चर्चेमुळे मूळ इंग्रजी मसुद्यातील दोन वाक्ये धूसर आहेत हे आमच्या लक्षात आले आणि ती बदलली गेली. नैराश्याच्या चाचणीचेही असेच होते. आपल्याकडची आजी ‘उदास वाटतं’ असे क्वचित म्हणते, ‘अन्न गोड लागत नाही, अंगात त्राण नाही, डोळ्याला डोळा लागत नाही’ असे म्हणते.

ज्यांच्यासाठी संघटना, त्यांची खुर्ची

२०१४ पासून काम करणारी डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल ही संस्था स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींनीच चालवलेली आहे. तिच्या संस्थापकांपैकी ऑस्ट्रेलियाच्या केट स्वाफर यांनी ‘बीपीएसडी’ या संज्ञेलाच विरोध केला आहे. त्यांचे म्हणणे असे की ज्याला तज्ज्ञ लक्षण म्हणतात ते अनेकदा परिस्थितीला दिलेले रास्त उत्तर असते. व्यावसायिक संघटनेच्या अध्यक्षासमोर ही अवघड वेळ असते, कारण टीका संघटनेच्या सर्वांत ख्यातनाम कामावर असते. अशा वेळी बचावाचे पत्रक काढू नये. टीकाकारांना परिषदेच्या मुख्य व्यासपीठावर बोलवावे आणि त्यानंतर संज्ञा का ठेवली किंवा का बदलली हे कारणांसह लिहावे.

मंडळावर आजार स्वतः अनुभवणाऱ्या व्यक्ती आणि शुश्रूषा करणारे कुटुंबीय यांच्यासाठी जागा राखीव ठेवावी, पण एकच जागा ठेवू नये. बारा तज्ज्ञांत एकटी बसलेली व्यक्ती शोभेची होते. निदान दोघे असावेत, त्यांचा प्रवास आणि सोबत येणाऱ्या मदतनीसाचा खर्च संघटनेने द्यावा, त्यांची टिपणे मोठ्या अक्षरांत आणि सोप्या भाषेत असावीत, आणि बैठकीच्या आदल्या दिवशी सचिवालयातील एकाने त्यांच्याशी फोनवर विषयपत्रिका बोलून घ्यावी.

देशोदेशीच्या संस्थांशी नाते

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता आणि त्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक निम्न व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ या ज्येष्ठांच्या देशव्यापी अभ्यासानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना, तो आहे. सदस्यांची यादी काढून या आकड्यांशेजारी ठेवली की संघटनेचे काम कुठे कमी पडते ते लगेच दिसते. ही दरी भरून काढण्यासाठी स्थानिक संस्थांचाच हात धरावा लागतो. भारतात डॉ. जेकब रॉय कुरिआकोस यांनी केरळमध्ये १९९२ साली स्थापन केलेली एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था कुटुंबांना एकत्र आणते. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत आणि फेस्कॉम हा त्यांचा महासंघ आहे. परिषदांना येणारे तज्ज्ञ मोजके असतात, पण संघाच्या बागेतल्या कट्ट्यावर रोज सकाळी जमणारे लोक मोजता येणार नाहीत इतके आहेत, आणि तिथपर्यंत पोहोचणारे पत्रक तिथल्याच भाषेत लागते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण जिथे सहज तोंडी येते तिथे ‘स्मृतिभ्रंश हा वयाचा अपरिहार्य भाग नाही’ हे वाक्य केवळ अनुवाद करून पटत नाही. त्या म्हणीचे नाव घेऊनच बोलावे लागते.

भारतीय संस्थेला पैसे पाठवायचे असतील तर विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० आधी समजून घ्यावा. त्या संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो निधी पुढे दुसऱ्या संस्थेला वाटू शकत नाही. ‘एका संस्थेकडे देऊ, ती पाच जिल्ह्यांत वाटेल’ ही परदेशी मंडळातून हमखास येणारी सूचना त्यामुळे बाद होते. अशा वेळी पैशाऐवजी प्रशिक्षण, व्याख्याते, चाचण्यांचे हक्क आणि नियतकालिकाचा विनामूल्य प्रवेश द्यावा. अशी मदत पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

जिनिव्हात आवाज

जागतिक आरोग्य सभा दरवर्षी मे महिन्यात जिनिव्हात भरते. स्मृतिभ्रंशाविषयीची जागतिक कृती योजना तिथे २०१७ मध्ये मंजूर झाली आणि २०२५ मध्ये तिची मुदत २०३१ पर्यंत वाढवण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने वृद्धांच्या हक्कांसाठी बंधनकारक करार तयार करण्याच्या कामी आंतरसरकारी कार्यगट नेमण्याचा ठराव केला. मानसिक आजार असलेल्या वृद्धांच्या हक्कांविषयी आयपीए आणि वर्ल्ड सायकिअॅट्रिक असोसिएशन यांचे संयुक्त निवेदन याआधीच उपलब्ध आहे. येत्या काही वर्षांतील अध्यक्षांना हा कराराचा मसुदा कलमवार वाचून त्यात मानसिक आरोग्य, संमती, बंधनात ठेवणे आणि दीर्घकालीन शुश्रूषा यांविषयी लेखी सूचना द्याव्या लागतील. एकट्याने जाऊ नये. समविचारी संघटनांबरोबर एकच दोन पानी मसुदा द्यावा आणि प्रत्येक देशातील सदस्याने तो आपल्या शासनाच्या प्रतिनिधीकडे स्वतंत्रपणे पोहोचवावा.

संकटात निवेदन काढण्याची घाई सर्वांना असते. युद्ध, भूकंप किंवा साथ आली की सदस्य विचारतात की संघटना काय बोलणार. माझी पद्धत अशी की प्रथम त्या देशातील आपल्या सदस्यांना फोन करावा, त्यांना काय हवे ते विचारावे आणि निवेदनामुळे त्यांच्या सुरक्षिततेला धोका होणार नाही याची खात्री करावी. सदस्याविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार आली तर मात्र अध्यक्षाने स्वतः चौकशी करू नये. लेखी कार्यपद्धतीनुसार मंडळाबाहेरच्या व्यक्तीकडे ती त्याच आठवड्यात सोपवावी.

सोपवताना

मुदत संपण्याच्या सहा महिने आधी सोपवणीची वही लिहायला घ्यावी. तिच्यात पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामे विस्ताराने असावीत: कोणाला कोणते तोंडी आश्वासन दिले आहे, कोणत्या प्रायोजकाशी बोलणे कुठे थांबले आहे, कोणत्या सदस्याचे दुखणे किंवा घरची अडचण लक्षात ठेवून त्याला काम कमी द्यावे, कोणत्या कराराची नूतनीकरणाची तारीख कधी येते. बँकेच्या सह्या, संकेतशब्द आणि समाजमाध्यमांचे अधिकार एकाच दिवशी बदलून घ्यावेत आणि त्या बदलाची नोंद इतिवृत्तात व्हावी. नव्या अध्यक्षांबरोबर दोन तास बसून ती वही वाचून दाखवावी. मावळते अध्यक्ष म्हणून तुम्ही मंडळात राहाल तेव्हा पहिल्या तीन बैठकांत विचारल्याशिवाय बोलू नये. मात्र मेलबर्नच्या सदस्याची मध्यरात्रीची पाळी पुन्हा सलग दुसऱ्यांदा आली आहे असे वेळापत्रकात दिसले, तर तेवढे बैठकीआधी फोन करून जरूर सांगावे.